कोण आहे? मी!

मराठी घराला कुलूप लावणं हे एका माणसाचं काम नाही. मे महिन्यात गावी निघालेलं कुटुंब बघावं. खाली रिक्षा उभी, तिचं मीटर पळतंय, बॅगा जिन्यातून उतरल्यात आणि वर दारापाशी घरातला कर्ता पुरुष कुलपाला लोंबकळतोय. त्याचं ओढून झालं की बायको म्हणते, "नीट ओढा हो, मागच्या वेळी नुसतंच अडकलं होतं." मग तो नीट ओढतो. मग मुलगा ओढतो, कारण बाबांच्या ओढण्यावर त्याचा विश्वास नाही. आजीला ओढायला जमत नाही, म्हणून ती नुसता हात लावून नमस्कार करते. त्या पाच मिनिटांत कुलपाला जेवढे हिसके बसतात, तेवढे उभ्या आयुष्यात कुठल्या चोरानं दिले नसतील. सगळे पहिल्या मजल्यापर्यंत उतरले की कोणीतरी तो ठरलेला प्रश्न विचारतं.

"गॅस बंद केला होता ना?"

सगळे पुन्हा वर. कुलूप उघडायचं, गॅस बंदच आहे हे बघायचं, पुन्हा कुलूप, पुन्हा हिसके. पनवेल गेल्यावर गीझर आठवतो. आता मागे फिरता येत नाही, म्हणून उरलेली सुट्टी समुद्राकाठी बसून गीझरची काळजी करण्यात जाते.

एवढा बंदोबस्त झाल्यावर हेच कुटुंब दारावर चिठ्ठी चिकटवून गेलेलं असतं : 'दूध २० तारखेपर्यंत नको.' इतकी नेमकी खबर चोराला त्याच्या पगारी खबऱ्यानंही दिली नसती. घरात माणसं आहेत असं वाटावं म्हणून हॉलमधला दिवा मुद्दाम चालू ठेवलेला असतो. तो भर दुपारीही तितक्याच निष्ठेनं जळतो. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे आणि दुसरी तुळशीच्या कुंडीखाली. ही जागा अत्यंत गुप्त. म्हणजे घरची माणसं, कामवाल्या मावशी आणि इस्त्रीवाला यांनाच ती माहीत. उरलेल्या इमारतीला ती कळते, कारण जिना उतरता उतरता काकांनी फोनवर भावाला ओरडून सांगितलेलं असतं, "कुंडीखाली रे, कुंडीखाली! तुळशीच्या!" सुट्ट्या लागल्या की पोलीस दरवर्षी कळकळीनं सांगतात, बाहेरगावी निघाल्याचे फोटो जगाला दाखवू नका. सूचना सगळ्यांना पटते. फलाटावर चौघं गॉगल घालून उभे राहतात, फोटो निघतो आणि गाडी हलायच्या आत तो शाळेच्या, ऑफिसच्या आणि कुळाच्या गटांवर पोचतो. कुळाच्या गटात तर पावणेदोनशे माणसं, त्यातली निम्मी कोण आहेत हे कुणालाच ठाऊक नाही.

माणसाच्या या स्वभावावर एक अख्खा कारखाना उभा राहिला. अर्देशिर गोदरेज यांची वकिली सुटली होती, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवण्याचा उद्योग बसला होता. १८९७ साली लालबागच्या एका शेडमध्ये त्यांनी कुलपं करायला घेतली. मुहूर्त पाहा. त्याच दिवसांत मुंबई-पुण्यात प्लेग फिरत होता. लोक घरं बंद करून माळावर झोपड्या घालून राहत होते आणि पुण्यात तपासणीची पथकं बंद घरांची कुलपं फोडून आत शिरत होती. म्हणजे कुलपाला गिऱ्हाईक भरपूर. पण ज्याच्या भीतीनं घर सोडलं तो शत्रू उंदराच्या अंगावरच्या पिसवांमधून हिंडत होता आणि त्याला कुठल्याच दाराची किल्ली लागत नव्हती.

घर राखण्याच्या साऱ्या खटाटोपात ही एक गंमत कायम दिसते. माणूस दार राखतो. संकट मोरीतून येतं.

दाराबद्दल तक्रारीला मात्र जागा नाही. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरालासुद्धा आज बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर, आत लाकडी दार, त्याला लॅच, वरची खिट्टी, खालची खिट्टी, मधली कडी, साखळी आणि बाहेरचं माणूस बघायला बारीकसं भिंग. ज्यांना एवढ्यावर झोप लागत नाही ते बोटाच्या ठशानं उघडणारं कुलूप बसवतात. ते कणीक मळलेल्या बोटाला ओळखत नाही, म्हणून गृहिणी स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहून पदराला बोट पुसत बसते. या सगळ्या यंत्रणेचा कस लागतो तो बेल वाजल्यावर.

"कोण आहे?"

"मी!"

आणि दार उघडतं. साखळी, खिट्टी, कडी, सगळं धडाधड उघडतं. 'मी म्हणजे कोण?' असं आतून विचारल्याचं उदाहरण सापडणं कठीण. भिंगातून बघायचं राहून जातं, कारण भिंगावर आतून लक्ष्मीची पावलं चिकटवलेली असतात.

खिडक्यांचा प्रकार वेगळा. मुंबई-ठाण्यात फ्लॅटचा ताबा मिळाला की गृहप्रवेशाच्या आधी ग्रिलवाला येतो. तो खिडकीबाहेर फूट-दीड फूट पुढे आलेला लोखंडी पिंजरा बसवतो. हेतू चोर अडवण्याचा; पण दोन वर्षांत त्या पिंजऱ्यात कोरफडीच्या कुंड्या, गणपतीचं मखर, मुलाची मोडकी सायकल, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली प्लायची फळी आणि उन्हाळ्यात पापड असा संसार वसतो. आठव्या मजल्यावर भिंतीवरून सरपटत येणारा चोर आजवर कुणी पाहिलेला नाही, तरी त्याच्यासाठी गज चार इंचांवर. उद्या स्वयंपाकघरात आग लागली तर घरचे मात्र आतच. जवान शिडी लावून खिडकीपर्यंत येतात आणि आधी लोखंड कापत बसतात. म्हणून अग्निशमन दलाची माणसं जीव तोडून सांगतात की ग्रिलमध्ये बाहेर पडता येईल एवढी उघडणारी झडप ठेवा.

लोक ऐकतात. झडप ठेवतात. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात येतं, झडपेतून बाहेर जाता येत असेल तर आतही येता येईल. दुसऱ्या दिवशी झडपेला कुलूप.

त्या कुलपाची किल्ली कुठे असते हे सांगायचं तर घराघरातल्या एका खणाचं वर्णन करावं लागेल. टीव्हीखालचा हा खण. त्यात पन्नासएक किल्ल्या असतात. विकलेल्या स्कूटरची, आजोबांच्या ट्रंकेची, जुन्या ऑफिसातल्या टेबलाची, भाड्याचं घर सोडताना मालकाला द्यायची राहिलेली, दिवंगत कपाटाची. काहींना सुतळी, काहींना शिर्डीची किचेन, एकीला चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर फक्त 'मोठी'. आवराआवरीच्या दिवशी खण जमिनीवर उपडा होतो.

"ही कशाची?"

"असू दे. लागेल."

"अहो, पण कशाची?"

"ते लागेल तेव्हा कळेल."

आणि सगळ्या किल्ल्या सन्मानानं परत खणात. झडपेची किल्ली त्यांतच कुठेतरी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. आग लागली की खण काढायचा, पन्नास किल्ल्या लावून बघायच्या आणि मग बाहेर पडायचं, अशी एकूण योजना दिसते.

गॅसच्या वासाची कथा याहून छोटी आणि अधिक थरारक. रात्री कुणालातरी वास येतो. घरातली पाची माणसं मांजराच्या चालीनं स्वयंपाकघराकडे निघतात, नाकं वर करून. वास्तविक सिलिंडरमधला हा गॅस हवेहून जड, जमिनीलगत साचणारा. नाक वर करून उपयोग नाही. नियम सोपा आहे : कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू असेल ते बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि १९०६ या क्रमांकावर कळवायचं. हे सगळं प्रत्येक गॅसच्या पुस्तकात छापलेलं असतं. पुस्तक कपाटात. कपाटात अंधार. "थांबा, दिवा लावून बघतो," असं म्हणणारा एक बुद्धिमान माणूस प्रत्येक घरात असतो, आणि त्याचा हात वेळीच धरणारी एक बाईही असते, म्हणून बहुतेक घरं शाबूत आहेत.

परदेशातल्या मराठी माणसांची अडचण उलटी आहे. अमेरिकेत घराच्या छताला धूर हुंगणारं यंत्र असतं. त्याला आग आणि लाल मिरचीची फोडणी यांतला फरक कळत नाही. पाहुण्यांसाठी झणझणीत रस्सा करायला घेतला की ते किंचाळू लागतं आणि घरातला पुरुष स्टुलावर चढून टॉवेल फडफडवतो. पुढे पुढे त्याचा आवाज ऐकून मुलं पानं घेतात.

सरकारी पत्रकं दर पावसाळ्यात सांगतात की आपत्कालीन पिशवी तयार ठेवा : टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचार, सुका खाऊ, कागदपत्रांच्या प्रती. हौशी घरात ती जूनमध्ये तयार होते. जुलैत टॉर्चमधले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये जातात. ऑगस्टमध्ये बिस्किटं संपतात, कारण पाऊस पडत होता आणि चहा झाला होता. शिट्टी धाकट्यानं शाळेत नेली. गणपतीपर्यंत पिशवीत उरतं ते एक बँडेज आणि रेशन कार्डाची झेरॉक्स, आणि तीही जुन्या पत्त्याची. मग पिशवी मोदकांचे नारळ आणायला उपयोगी पडते.

इतिहासात डोकावलं तर मोठमोठ्यांचं हेच झालेलं दिसतं. शाएस्तेखान पुण्यात लाल महालात उतरला तेव्हा भोवती हजारो फौजेचा तळ, चौक्या, पहारे. त्या काळी याहून कडेकोट पत्ता पुण्यात नसेल. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजीमहाराज स्वयंपाकघराच्या बाजूनं, बुजवलेली खिडकी फोडून आत शिरले आणि खानाची बोटं गेली. खानानं शेवटपर्यंत लक्षात घेतलं नसावं की त्यानं ज्या घरात मुक्काम ठोकला होता त्याचा कानाकोपरा पाहुण्याला बाळपणापासून पाठ होता. आजही सोसायटीत नवा भाडेकरू येतो, लॅच तोच ठेवतो आणि आधीच्या भाडेकरूकडे किल्ल्या किती होत्या हे कुणी विचारत नाही.

रायगडाची आख्यायिका तर अधिक बोलकी. सूर्यास्ताला दरवाजे बंद, कुणाला सोडायचं नाही, असा कडक नियम. गडावर दूध घालायला आलेली हिरकणी घरच्या तान्ह्या बाळाच्या ओढीनं कडा उतरून गेली. त्या कड्यावर मग बुरूज बांधला, तिला साडीचोळी दिली. सुरक्षेची तपासणी इतक्या स्वस्तात पुन्हा कुणाला करून मिळालेली नाही. आज एखाद्या गृहसंकुलात मावशींनी मागच्या तारेतली फट दाखवून दिली तर साडीचोळी दूरच, फाटकावरच्या नोंदवहीत त्यांना रोज दोनदा सही करावी लागेल.

पुराचं गणित हे तर स्वतंत्र शास्त्रच आहे. पुणेकरांना त्याचा पहिला मोठा धडा १२ जुलै १९६१ ला मिळाला. पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला. लकडी पुलावरून पाणी गेलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या, शहराचा वीज-पाणीपुरवठा कोलमडला. दारांना अडसर घातलेले वाडे होते. पाण्यानं अडसराकडे बघितलंही नाही, भिंतीच खाली बसवल्या. चावीचे नळ आले म्हणून ज्या वाड्यांनी आपले आड बुजवले नव्हते, त्यांच्या ओटीवर मग सगळ्या गल्लीच्या घागरी लागल्या. जुन्याला चिकटून राहिल्याबद्दल ज्यांची कालपर्यंत थट्टा झाली होती, त्या घरच्या आजीबाई एका दिवसात पेठेच्या नगराध्यक्ष झाल्या.

सांगलीत हे शास्त्र आणखी पुढे गेलेलं आहे. तिथं पावसाळ्यात लोक एकमेकांना 'काय, कसं काय?' असं विचारत नाहीत. "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णा चाळीस फुटांवर गेली की इशारा, पंचेचाळीसला धोका. हे आकडे चहावाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना पाठ. आणि प्रत्येक घराच्या भिंतीवर मागच्या पुराची खूण. २००५ चा पूर गेल्यावर लोकांनी ती खूण जपली. पुढच्या वेळी फसायचं नाही म्हणून कपाटं, फ्रीज, धान्याचे डबे त्या रेघेच्या वीतभर वर ठेवायचे, असा नेम ठरला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बोटी घेऊन माणसं दारात आली तेव्हाचे संवाद बहुतेक गल्ल्यांत एकाच धाटणीचे होते.

"चला काका, पाणी वाढतंय."

"पाचच्या पुरात हितवर आलं होतं. ही बघा रेघ. वर येत न्हाई."

"अहो, धरणातनं विसर्ग सुरू आहे."

"असू दे. आमचं समदं रेघेच्या वर हाय."

त्या वर्षी आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. रेघ बुडाली, रेघेच्या वीतभर वर ठेवलेला फ्रीज तरंगला, आणि काका माळ्यावरून बोटीत उतरले ते दाराला कुलूप लावायला मागे वळले. खालचं अख्खं दार पाण्यात होतं. तरी त्यांचा हात किल्लीकडे गेला. यात हसण्यासारखं काही नाही असं वाटेल. पण ओसरल्या पाण्यात चिखल काढताना त्यावर सगळ्यात मोठ्यानं काका स्वतःच हसत होते. मग भिंतीवर नवी रेघ आली, पहिलीहून खूप वर. लोकांनी संसार तिच्याही वर चढवला. २०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा आली, पण एवढी वर चढली नाही. आता कित्येक घरांत शिलाई मशीन छताजवळच्या फळीवर आहे. खाली काढायला जमत नाही आणि काढायला धीरही होत नाही. बाई ब्लाउज शेजारणीकडून शिवून आणते.

वरून येणाऱ्या संकटांपुढे तर कुलूपवाल्यांनी हातच टेकले. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. स्फोटकं, कापूस आणि सोन्याच्या विटा असा माल एकाच जहाजात भरण्याची कल्पना कुणाची होती कोण जाणे. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या भीषण दुपारी गोदीपासून बऱ्याच लांबवर एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून सोन्याची वीट येऊन पडली. कड्याकोयंडे शाबूत, आणि मौल्यवान वस्तू आत आलेली. जगभरच्या घरफोड्यांत असा उलटा प्रकार बहुधा हा एकच. गृहस्थांनी वीट सरकारला परत केली.

पस्तीस वर्षांनी, १९७९ च्या जुलैत, आकाशातून स्कायलॅब पडणार होती. अमेरिकेची ही अंतराळ प्रयोगशाळा सत्तरहून अधिक टन वजनाची, आणि ती कुठे पडेल हे नासालाही नक्की ठाऊक नव्हतं. महाराष्ट्रातल्या खेड्यांना मात्र खात्री होती की ती आपल्याच वेशीवर पडणार. त्यापासून घर कसं राखायचं? कौलं बदलून भागणार नव्हतं. तेव्हा पुष्कळ ठिकाणी लोकांनी वेगळाच निर्णय घेतला : कोंबड्या कापल्या, बोकडं कापली, सावकारांना 'आता परवा बघू' सांगितलं आणि पोटभर जेवून वाट बघत बसले. स्कायलॅब ऑस्ट्रेलियात पडली. तिथल्या एस्परन्स गावच्या नगरपालिकेनं रस्त्यात कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलर दंडाची पावती फाडली. इकडे सावकार परवाच्या परवा दारात.

'पडदे ओढा, दिवे मालवा' हा हुकूमही एका पिढीला पाठ आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईकरांनी खिडक्यांना काळे-खाकी कागद लावले, काचा फुटून उडू नयेत म्हणून पट्ट्या चिकटवल्या, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला. भोंगा झाला की वॉर्डन गल्लीतून ओरडत जायचा, "तिसरा मजला, उजेड दिसतोय!" तिसऱ्या मजल्यावरून उत्तर यायचं, "तो आमचा नाही, चौथ्याचा!" भोंगा वाजल्यावर खाली आडोशाला जायचं असतं. लोक गच्चीवर जायचे; विमान दिसलं तर बघावं म्हणून. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा मधल्या अर्धशतकातली प्रगती कळली. भोंगे वाजले आणि लोक बाल्कनीत आले. फरक एवढाच, की या वेळी दोन्ही हातांत मोबाईल धरून.

घरातल्या घरात दडवलेल्या वस्तूंचं संरक्षण मात्र बायकांनी आपल्या हातात ठेवलं आणि ते अभेद्य निघालं. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी पाचशे-हजारच्या नोटा बंद केल्या. साडेआठपर्यंत स्वयंपाकघरांतून डबे उतरू लागले. तुरीच्या डाळीखालून, साबुदाण्याखालून, पैठणीच्या घडीतून, देवघरातल्या पोथीतून नोटा निघाल्या. तीस वर्षं एका छताखाली राहिलेल्या नवऱ्याला पत्ता नव्हता, तिथं चोराची काय कथा. "एवढे होते तर स्कूटरच्या वेळी का नाही दिलेस?" असं एकानं विचारलं. "म्हणूनच आहेत," ती म्हणाली. कित्येकींना आपण नेमकं कुठे ठेवलंय हे आठवेना. अशा काही नोटा अजून सुरक्षित असतील.

कुलूपच न लावणारं गाव आपल्याकडे आहे हे सर्वश्रुत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं शनि शिंगणापूर. घरांना दारं नाहीत. कुत्री-मांजरं आत येऊ नयेत म्हणून फार तर फळी टेकवतात. चोरी करणाऱ्याचं शनिदेव बघून घेतात, ही श्रद्धा. २०११ मध्ये यूको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा काढली, त्याची बातमी जगभर गेली. २०१५ मध्ये पोलीस ठाणंही झालं. आणि २०२५ मध्ये देवस्थानच्या नावानं बनावट ॲप काढून भाविकांचे पैसे लाटल्याचा आरोप थेट विधानसभेत गाजला. ज्या गावाला दारच नाही तिथंही चोराला दारातून यावंसं वाटलं नाही.

तोच पाहुणा आता सगळ्या घरांत येतो. पुण्यातल्या एखाद्या निवृत्त गृहस्थांचा फ्लॅट घ्या. फाटकावर पहारेकरी, जिन्यात कॅमेरा, दारात सेफ्टी डोअर. भाजीवाल्यालासुद्धा फोनवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय वर सोडत नाहीत. आणि सकाळी दहाला मोबाईल वाजतो. पलीकडे गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, दार आतून लावा, पडदे ओढा, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला बोलू नका. चाळीस वर्षं सरकारी नोकरीत एकही कागद बिनप्रश्नाचा पुढे न सोडलेला हा माणूस निमूट उठतो आणि स्वतःच्या हातानं वरची खिट्टी, खालची खिट्टी, मधली कडी लावतो. इतक्या वर्षांत प्रथमच ती सगळी यंत्रणा एकदम कामी आलेली असते.

बाहेरून बायको दार ठोठावते. "जेवायला येताय ना?"

"मी अटकेत आहे."

"बरं. मग आमटी आत आणून देऊ?"

आमटी नेणाऱ्या त्या बाईंनी दार उघडायला लावलं, फोन हिसकावून बंद केला आणि १९३० वर तक्रार नोंदवली, तर घर वाचतं. कायद्यात अशी अटकच नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं, पोलीस सांगतात, फोन लावताना वाजणारी ध्वनिफीतही सांगून सांगून थकली. पण पलीकडच्यानं 'कोण आहे?'ला 'मी!' असं अधिकारानं म्हटलं, की आपल्या हाताला कडी काढायची सवय आहे, त्याला काय करणार.

आगीवर मात्र बहुमजली इमारतींपुरता तरी कायद्यानं इलाज शोधला आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार सोसायट्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारकाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. मग अधूनमधून सरावही होतो. अशाच एका बावीस मजली इमारतीत आठवडाभर आधी सूचना लागली : 'शनिवारी सकाळी ११ वाजता आग लागल्याचा सराव होईल. भोंगा वाजल्यावर घाबरू नये.' कुणीही घाबरलं नाही. भोंगा वाजला आणि पहिल्या मिनिटात गटावर चौदा जणांनी विचारलं, "खरं आहे का?" सचिवांनी "हो, पण खोटं आहे" असं उत्तर दिलं, त्यावर अंगठे आले. जिन्यातून उतरायचं होतं. जिन्यात बुटांची कपाटं, सायकली आणि एका घरचा जुना सोफा असल्यामुळं बहुतेकांनी लिफ्ट धरली. आठव्या मजल्यावरच्या आश्रयस्थळी ज्यांना जमायचं होतं ते गेलेच नाहीत, कारण तिथं वाढदिवसाचा मांडव पडला होता. पाण्याच्या नळीचं पितळी तोंड गेल्या दिवाळीपासून बेपत्ता. ११०२ मधल्या काकूंनी खिडकीतून सांगितलं, "सुरमई कढईत आहे, उलटून येते."

खाली प्रशिक्षकानं नळकांड्याची पिन कशी काढायची, तोंड ज्वाळेच्या मुळाशी कसं धरायचं, मूठ दाबून डावीउजवीकडे कसं फिरवायचं ते दाखवलं. सगळ्यांनी त्याचे फोटो काढले. स्वतः करून बघायला कोण येतं विचारल्यावर सात वर्षांची एक मुलगी पुढे आली आणि तिनं एका झटक्यात ट्रेमधली आग विझवली. टाळ्या झाल्या, वडे आले. सचिवांनी सूचनांची वही फिरवली. तिच्यात तीन नोंदी झाल्या : भोंगा फार मोठा आहे, आवाज कमी करावा. वड्याबरोबर सुकी चटणी हवी होती. आणि पुढची आणीबाणी रविवारी ठेवावी, शनिवारी मुलांचे क्लास असतात.